लंडनमधील दादाभाई : परदेशवासाचा जमाखर्च

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याला दादाभाई नौरोजींचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज असंख्य माणसे कामावर जातात आणि संध्याकाळी घरी परततात. हुतात्मा चौकाजवळ दादाभाईंचा पुतळाही आहे. भारताचे पितामह, काँग्रेसचे तीन वेळा अध्यक्ष, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले हिंदी सभासद, आर्थिक निःसारणाच्या सिद्धांताचे प्रणेते अशी त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला झालेली असते. २०२५ साली त्यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण झाली.

या विशेषणांत एक गोष्ट मात्र हरवून जाते. दादाभाई हे आपल्याकडचे फार आधीचे आणि फार दीर्घ मुदतीचे परदेशस्थ होते. १८५५ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, ते प्रथम इंग्लंडला गेले आणि १९०७ साली, ८२ वर्षांचे असताना, तेथून कायमचे परतले. मधली येणीजाणी वजा केली तरी तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथे काढला. आज महाराष्ट्रातील कितीतरी घरांत एखादा मुलगा, एखादी मुलगी परदेशी असते. परक्या शहराने माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, हा आता घराघरांतला विषय आहे. तो हिशेब मांडू पाहणाऱ्याने दादाभाईंच्या आयुष्याकडे जरूर पाहावे. लंडनने त्यांना पुष्कळ दिले आणि त्याची किंमतही पुरेपूर वसूल केली.

हुकलेली पहिली संधी

४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहिताच्या घरात दादाभाईंचा जन्म झाला. चार वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. आई माणेकबाई निरक्षर होत्या. पण मुलाने शिकावे याविषयी त्यांच्या मनात किंचितही संदेह नव्हता. पुनर्विवाहाची मोकळीक असूनही त्यांनी तो केला नाही आणि कष्ट करून मुलाला वाढवले. शाळेत फी नव्हती म्हणूनच हा मुलगा शिकू शकला. आपले शिक्षण गरिबांनी भरलेल्या पैशावर झाले आहे, तेव्हा ते ऋण लोकांच्या सेवेतूनच फेडले पाहिजे, ही जाणीव त्यांच्या मनात विद्यार्थिदशेतच रुजली आणि अखेरपर्यंत टिकली.

विलायतेला जाण्याची पहिली संधी त्यांना १८४५ मध्येच चालून आली होती. मुंबईच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी या हुशार विद्यार्थ्याला कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठवण्याची सूचना केली आणि निम्मा खर्च सोसण्याची तयारी दर्शवली. उरलेला निम्मा भार पारशी समाजाने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु काही वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, मुंबईतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने समाजात मोठी खळबळ माजली होती. परदेशी गेलेला मुलगा धर्मांतर करून बसेल, या धास्तीने समाजातील वडीलधाऱ्यांनी नकार दिला. मुलगा परदेशी गेला की आपला राहणार नाही, ही भीती आजच्या आईवडिलांनाही अपरिचित नाही. त्या भीतीने दादाभाईंची दहा वर्षे अडवून धरली.

ती दहा वर्षे वाया मात्र गेली नाहीत. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिक्षक झाले आणि पुढे गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. या पदावर नेमलेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुंबईत मुलींसाठी मराठी व गुजराती शाळा काढल्या. त्या कामात दादाभाई अग्रभागी होते. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले. शहरात मान होता, मित्रपरिवार होता आणि सन्मानाची नोकरी हाती होती. अशा वेळी त्यांनी ती नोकरी सोडून कामा आणि कंपनी या पेढीत भागीदारी पत्करली व १८५५ च्या जूनमध्ये आगबोटीवर पाऊल ठेवले. गणिताचा प्राध्यापक दुकानदार झाला, याचे अनेकांना वैषम्य वाटले.

पेढी आणि पारशी दफनभूमी

कामा आणि कंपनी ही इंग्लंडमध्ये उघडलेली पहिली हिंदी व्यापारी पेढी. लंडन आणि लिव्हरपूल येथे तिचा कारभार चाले. सुएझचा कालवा त्या वेळी झालेला नव्हता; तो १८६९ मध्ये खुला झाला. प्रवाशांनी सुएझला उतरावे, खुष्कीच्या मार्गाने अलेक्झांड्रिया गाठावे आणि तेथून पुन्हा बोटीत चढावे, असा तो प्रवास होता. घरचे पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागत. आज दूरध्वनीच्या पडद्यावर आईचा चेहरा रोज पाहणाऱ्या पिढीला त्या अंतराची कल्पना येणे कठीण आहे.

व्यापारात दादाभाईंचा जीव रमला नाही. निदान सर्वच व्यापारात रमला नाही. पेढी अफूचा आणि मद्याचाही व्यवहार करी. ही कमाई त्यांना रुचेना. परक्या देशात भागीदारी हाच एकमेव आधार असताना त्यांनी १८५८ मध्ये पेढी सोडली. पुढच्याच वर्षी त्यांनी दादाभाई नौरोजी आणि कंपनी या नावाने स्वतःची कापसाची पेढी काढली. त्याआधीच, १८५६ पासून, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापक म्हणून शिकवू लागले होते. मायभूमीत विज्ञान आणि गणित शिकवणारा माणूस परमुलखात आपली मातृभाषा शिकवू लागला. परदेशवासात माणसाला आपलीच भाषा पुन्हा नव्याने सापडते, असे म्हणतात. दादाभाईंच्या बाबतीत ते अक्षरशः घडले.

त्यांच्या मागोमाग मुंबईहून आणखी पारशी व्यापारी आणि विद्यार्थी येऊ लागले. १८६१ मध्ये त्यांनी तेथील जरथुष्ट्री मंडळींचा निधी उभारला. या छोट्या समाजाच्या आरंभीच्या गरजांपैकी एक होती ती मृतांसाठी जागेची. लंडनमध्ये दख्मा असणे शक्य नव्हते. तेव्हा शहराबाहेर ब्रुकवुड येथे १८६२ मध्ये जमीन घेण्यात आली आणि पारशांसाठी दफनभूमी सिद्ध झाली. आपण येथे थोड्या दिवसांसाठीच आलो आहोत, अशा समजुतीने राहणाऱ्या प्रत्येक परदेशस्थ समाजाला केव्हातरी हा व्यवहार करावाच लागतो. ज्या भूमीत आपली माणसे पुरली जातात, ती भूमी मग पूर्णतः परकी राहत नाही.

जे मुंबईत मिळाले नसते

लंडनने दादाभाईंना दिलेली पहिली मोठी देणगी म्हणजे माहिती. हिंदुस्थानावर राज्य चालवणारे खाते त्या शहरात होते. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, आयातनिर्यातीचे आकडे, पार्लमेंटपुढे मांडलेली कागदपत्रे हे सर्व तेथे अभ्यासता येई. मुंबईत बसून आपल्या देशाचा हिशेब तपासणे दुरापास्त होते. सहा हजार मैलांवर ते शक्य झाले. गणिती बुद्धीच्या दादाभाईंनी त्या कागदांवर वर्षानुवर्षे श्रम केले. हिंदुस्थान दरवर्षी किती माल आणि धन बाहेर पाठवतो, त्याच्या बदल्यात त्याला काय मिळते, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने आणि विलायतेतला खर्च यांपोटी किती पैसा कायमचा निघून जातो, याचा त्यांनी ताळा मांडला.

१८६७ मध्ये त्यांनी इंग्लंडवर असलेल्या हिंदुस्थानच्या ऋणाविषयी निबंध वाचला. पुढे १८६७ ते १८७० या काळातील आकड्यांवरून त्यांनी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न काढले. ते भरले अवघे २० रुपये. या आकड्याशेजारी त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च ठेवला. मोकळ्या रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्यातून आपोआप सिद्ध झाले. आरोप करणारा हिंदी असला तरी पुरावा सरकारचाच होता. १९०१ मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पाया हा असा परदेशवासात घातला गेला.

दुसरी देणगी मोकळ्या व्यासपीठाची. १८६५ मध्ये व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्यासमवेत त्यांनी लंडन इंडियन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. निवृत्त अधिकारी, पार्लमेंटचे सभासद, पत्रकार अशी मंडळी तेथे हिंदुस्थानच्या प्रश्नावर वाद घालीत. मुंबईत कलेक्टरसमोर खुर्ची मिळणे ज्या काळात सन्मानाचे मानले जाई, त्या काळात लंडनच्या सभेत एक पारशी गृहस्थ निवृत्त गव्हर्नरांशी बरोबरीच्या नात्याने वाद घालत होता. इंग्रजी राज्य आणि इंग्रज माणूस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तेथे राहिल्यामुळे त्यांना कळले. त्यांच्या मित्रांत असंख्य इंग्रज होते. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी दीर्घकाळ जो विश्वास टाकला, त्याचे मूळ या मैत्रीत होते आणि त्या विश्वासाच्या मर्यादेचेही.

दिवाळे आणि पुन्हा प्रारंभ

परदेशात उभारलेला संसार किती नाजूक असतो, याचा अनुभवही त्यांना लवकरच आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध १८६५ मध्ये संपताच मुंबईतील शेअरबाजार कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या वावटळीत दादाभाईंची पेढीही सापडली. १८६० च्या दशकात काही काळ आई, पत्नी गुलबाई आणि मुले त्यांच्यासोबत लंडनमध्ये राहिली होती. कुटुंब सोबत असल्याचे सुख आणि परक्या गावात कर्जबाजारी होण्याचे दुःख त्यांना एकाच दशकात भोगावे लागले.

१८६९ मध्ये ते मुंबईला आले तेव्हा शहराने मानपत्र आणि थैली देऊन त्यांचे स्वागत केले. १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानचे दिवाणपद त्यांनी स्वीकारले. परंतु एकीकडे दरबारातील कारस्थाने आणि दुसरीकडे रेसिडेंटचा विरोध यांच्या कात्रीत सापडून १८७५ च्या प्रारंभीच त्यांनी ते सोडले. मुंबईच्या नगरपालिकेत त्यांनी काम केले आणि १८८५ मध्ये प्रांतिक कायदेमंडळातही त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षअखेर मुंबईत राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. साठी गाठलेल्या माणसाने आता आपल्या गावी, आपल्या माणसांत राहून उरलेले आयुष्य घालवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. दादाभाईंनी मात्र १८८६ मध्ये पुन्हा लंडनची वाट धरली. हिंदुस्थानचे निर्णय जेथे होतात, त्या सभागृहात शिरायचे, हा त्यांचा निश्चय झाला होता.

एका अपमानाने दिलेली ओळख

परदेशवासातला सर्वांत विलक्षण विरोधाभास येथे दिसतो. मुंबईच्या कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नव्हता. सभासद सरकार नेमत असे. मुंबईकर दादाभाईंना मुंबईत निवडणूक लढवण्याचा मार्गच नव्हता. परंतु लंडनमध्ये राहणारा ब्रिटिश प्रजाजन म्हणून पार्लमेंटची निवडणूक लढवण्याला कोणताही कायदा आड येत नव्हता. स्वतःच्या घरी नाकारलेला हक्क त्यांना राज्यकर्त्यांच्या राजधानीत मिळाला.

कायद्याने दिलेला हक्क आणि समाजाने दिलेले स्थान यांत मात्र अंतर असते. १८८६ च्या उन्हाळ्यात होलबर्न मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे ते उभे राहिले. मतदारांना परके वाटू नये म्हणून मित्रांच्या सल्ल्यावरून त्यांनी पारशी शिरोभूषण उतरवले आणि इंग्रजी पेहराव केला. तरीही त्यांना १,९५० मते मिळाली आणि प्रतिस्पर्ध्याला ३,६५१. दोन वर्षांनी, १८८८ च्या नोव्हेंबरात, खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिंबरोच्या सभेत या पराभवाचा उल्लेख केला आणि इंग्रज मतदारसंघ एका काळ्या माणसाला निवडून देण्याइतका अजून पुढे गेलेला नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. पहिल्याने निषेध झाला, मग थट्टा झाली. दादाभाईंचा वर्ण सॉल्सबरींपेक्षा उजळ आहे, असे वृत्तपत्रांतून लिहून आले. नॅशनल लिबरल क्लबने त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. तोवर थोड्यांनाच ठाऊक असलेले त्यांचे नाव या अपमानाने इंग्लंडभर पोहोचले.

त्या थट्टेतही एक डंख होता. दादाभाईंची बाजू घेणारे त्यांच्या गोरेपणाचा दाखला देत होते. काळा असणे हा दोष नव्हे, असे म्हणणारे थोडेच होते. परक्या समाजात मिळणाऱ्या स्वीकारामागे अनेकदा अशी एखादी अट दडलेली असते. ज्यांनी परदेशात दिवस काढले आहेत, त्यांना ती ओळखता येईल.

१८९२ च्या निवडणुकीत ते मध्य फिन्सबरीतून उभे राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला. स्त्रियांच्या मताधिकाराचे आणि आयर्लंडच्या स्वशासनाचे कैवारीही त्यांच्या बाजूने होते, कारण दादाभाईंनीही या प्रश्नांना आपले मानले होते. केवळ आपल्या देशापुरते बोलणारा उपरा, असे त्यांचे स्वरूप राहिले नव्हते. यजमान समाजाच्या दुःखांतही ते सहभागी झाले होते. निकाल लागला तेव्हा त्यांना २,९५९ मते आणि हुजूर पक्षाच्या पेंटन यांना २,९५६ मते मिळाली होती. अवघ्या ३ मतांचा हा विजय पाहून विनोदी लेखकांनी नौरोजी या आडनावाशी खेळ करून त्यांना नॅरो-मेजॉरिटी, म्हणजे निसटत्या बहुमताचे गृहस्थ, असे नाव पाडले. बायबलाऐवजी खोर्देह अवेस्तावर हात ठेवून त्यांनी सभासदत्वाची शपथ घेतली. १८४५ मध्ये ज्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या धर्मांतराची भीती वाटली होती, ते हयात असते तर त्यांना काय वाटले असते!

१८९३ चे वर्ष

पार्लमेंटमधील त्यांच्या कारकीर्दीचा सर्वोच्च क्षण आणि खासगी आयुष्यातील सर्वांत मोठा आघात हे दोन्ही एकाच वर्षी आले. जून १८९३ मध्ये सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव कॉमन्स सभागृहापुढे आला. त्या नोकरीसाठी हिंदी तरुणांना समुद्र ओलांडावा लागे, हजारो रुपये खर्चावे लागत आणि कोवळ्या वयात अनोळखी शहरात एकटे राहावे लागे. हा त्रास दादाभाईंइतका जवळून कोणी पाहिला नव्हता. ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. परंतु सरकारने तो अमलात आणला नाही. हिंदुस्थानातही ही परीक्षा घेतली जाण्यासाठी १९२२ साल उजाडावे लागले. सभागृह जिंकता येते, पण सभागृह म्हणजे सत्ता नव्हे, हा धडा त्यांना मिळाला.

त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा अर्देशीर अकाली मरण पावला. तो पेशाने डॉक्टर होता. मागे तरुण पत्नी आणि लहान मुले होती. दादाभाई त्या वेळी लंडनमध्ये होते. आगबोटीच्या त्या काळात दूरदेशीच्या माणसाला आपल्या माणसाचे अंत्यदर्शन मिळण्याची आशाच नसे. परदेशवासाच्या लाभहानीची चर्चा हवामान, अन्न, पैसा, एकटेपणा अशा गोष्टींभोवती फिरते. पण त्यातील खरी खर्चाची बाब ही आहे. आज विमाने आहेत, तरीही अपरात्री वाजणाऱ्या फोनची धास्ती परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते.

वर्षअखेर लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवण्यासाठी ते मायदेशी आले. मुंबईत त्यांच्या स्वागताला प्रचंड लोकसमुदाय लोटला होता. शहर एका विजयी वीराचे स्वागत करीत होते आणि तो वीर मुलगा गेलेल्या घरी पाऊल ठेवत होता. अधिवेशन आटोपल्यावर वृद्ध पत्नी, विधवा सून आणि नातवंडे यांना मागे ठेवून ते पुन्हा लंडनला गेले. हा निर्णय योग्य की अयोग्य, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या निर्णयाचा भार घरातल्या स्त्रियांनी वाहिला, एवढे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. गुलबाईंचा विवाह झाला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या आणि दादाभाई अकरा. संसाराची कितीतरी वर्षे त्यांनी पतीविना काढली.

वडीलधारे माणूस

आपल्या नातवंडांना आजोबांचा सहवास दुर्मीळ झाला. पण लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना तो लाभला. १८८८ मध्ये शिकायला गेलेल्या मोहनदास गांधी नावाच्या बुजऱ्या तरुणाजवळ दादाभाईंच्या नावे परिचयपत्र होते. इतक्या मोठ्या माणसाला त्रास कसा द्यावा, या संकोचाने तो पुष्कळ दिवस सभांत मागे बसून त्यांची भाषणे ऐके आणि निमूटपणे परत जाई. अखेर धीर करून त्याने पत्र दिले, तेव्हा केव्हाही भेटायला ये, असे दादाभाईंनी त्याला सांगितले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी गांधीजी पत्रांतून दादाभाईंना कळवत आणि दादाभाई ती संबंधित मंत्र्यांपर्यंत पोहोचवत. मादाम भिकाजी कामा यांनीही लंडनमध्ये काही काळ त्यांच्यासाठी काम केले. मतांनी त्या पुढे दादाभाईंपासून फार दूर गेल्या, परंतु परदेशातील पहिला आधार त्यांना तेथे मिळाला. परक्या शहरात दार उघडणारे एक ओळखीचे घर असणे म्हणजे काय, हे त्या घराची गरज पडल्याखेरीज समजत नाही.

विश्वासाला तडा

१८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पराभूत झाले. त्याच वर्षी मंचेरजी भावनगरी हे दुसरे पारशी गृहस्थ हुजूर पक्षातर्फे निवडून आले. एकाच मुंबईचे आणि एकाच समाजाचे हे दोघे हिंदुस्थानविषयी जवळजवळ परस्परविरुद्ध मते मांडत होते. परदेशातील आपली मंडळी एकमुखी असतात, ही समजूत तेव्हाही खोटी होती.

हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगावर दादाभाईंची नियुक्ती झाली. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा हे साक्ष देण्यासाठी लंडनला आले. दादाभाईंनी स्वतःही साक्ष दिली. आयोगाने १९०० मध्ये जो अहवाल दिला, त्याने फारसे काही साधले नाही. दादाभाईंनी दोन सहकाऱ्यांसह वेगळी टिप्पणी जोडली. इतकी वर्षे इंग्रजांच्या न्यायबुद्धीपुढे ते पुराव्याचे कागद ठेवत आले होते. कागद खोटे आहेत असे कोणी सिद्ध करू शकले नाही आणि कागदांनी काही बदललेही नाही. त्यांची भाषा हळूहळू कठोर होत गेली. १९०४ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हिंदुस्थानची बाजू मांडायला उभे राहिले, तेव्हा जमलेल्या प्रतिनिधींनी उठून, स्तब्ध उभे राहून, त्यांना मान दिला. १९०६ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी नॉर्थ लॅम्बेथमधून त्यांनी अखेरची निवडणूक लढवली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

आणि याच वेळी परदेशवासाचा एक अनपेक्षित लाभ त्यांच्या देशाला झाला. काँग्रेसमध्ये नेमस्त आणि जहाल यांचे वितुष्ट विकोपाला गेले होते. जहालांना लोकमान्य टिळक अध्यक्ष हवे होते आणि नेमस्तांना ते मान्य नव्हते. तेव्हा नेमस्तांनी लंडनहून दादाभाईंना पाचारण केले. दोन्ही गटांना आदर वाटावा असे तेच एक नाव होते. घरातल्या भांडणांपासून ते दूर होते आणि त्यांनी देशासाठी काय सोडले, हे सर्वांना ठाऊक होते. १९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला त्यांचे अध्यक्षीय भाषण झाले. वार्धक्यामुळे आवाज पोहोचत नव्हता, म्हणून भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. त्यात स्वराज्य हे काँग्रेसचे ध्येय म्हणून स्पष्टपणे मांडलेले होते. अर्ज, पुरावे आणि निवडणुका या सर्वांचा अर्धशतकभर अनुभव घेतलेल्या माणसाने काढलेला तो निष्कर्ष होता. इंग्रजांना त्यांच्याच अंगणात जवळून पाहिल्याशिवाय तो निष्कर्ष इतक्या वजनाने मांडता आला नसता.

परतीचा किनारा

कलकत्त्याहून ते पुन्हा लंडनला गेले, पण शरीराने साथ दिली नाही. १९०७ मध्ये आजारी अवस्थेत त्यांनी ते शहर कायमचे सोडले. उरलेली वर्षे वर्सोव्याच्या समुद्रकाठी, कुटुंबाच्या सहवासात गेली. १९१६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. ३० जून १९१७ रोजी, ९१ वर्षांचे असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या नाती पुढे गांधीजींच्या चळवळीत उतरल्या. त्यांपैकी पेरीनबेन कॅप्टन यांना १९५४ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या आजोबांचा सहवास लहानपणी तुटकच मिळाला, त्यांचे कार्य या मुलींनी मायभूमीत राहून पुढे नेले.

आज लंडनमध्ये फिन्सबरी भागात नौरोजी स्ट्रीट आहे. दक्षिण लंडनमधील अनर्ली पार्क येथील ज्या घरात दादाभाई काही वर्षे राहिले, त्यावर २०२२ मध्ये स्मारकाची निळी पाटी लागली. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तसा लंडनमध्येही आहे. दोन्ही शहरांनी ज्याला आपला म्हणावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

परदेशी जावे की न जावे, याचे उत्तर दादाभाईंच्या चरित्रातून मिळेलच असे नाही. आपल्या देशातून बाहेर जाणारा पैसा कधीच परत येत नाही, हे जगाला आकड्यांनी पटवून देणाऱ्या या हिशेबनिसाने स्वतःच्या आयुष्यातील वजाबाकी मात्र कोठे मांडून ठेवली नाही. त्यांनी एवढेच पाहिले की, आपण जे परक्या शहरातून मिळवले ते आपल्या देशाच्या उपयोगी पडले की नाही. परदेशी निघालेल्या मुलाने आणि त्याला निरोप देणाऱ्या आईवडिलांनी हा एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. उत्तर प्रत्येक घराचे निराळे असेल. पण लंडनची वाट धरण्यापूर्वी तो विचारलेला बरा.